हाताने बनवलेली क्लासिकल गिटार: तिचा आवाज वेगळा का असतो, आणि फोनवर तो फरक गायब का होतो?

गेल्या वर्षी प्रोजेक्टसाठी कंपनीने मला चार महिने माद्रिदला पाठवलं होतं. तिथून एका शनिवारी बस पकडून ग्रानादाला गेलो. सगळे तिथे अलहाम्ब्रा बघायला जातात, मीही त्यासाठीच गेलो होतो. पण शहरातून अलहाम्ब्राकडे चढत जाणारा कुएस्ता दे गोमेरेस नावाचा एक अरुंद रस्ता आहे आणि त्यावर गिटार बनवणाऱ्यांची छोटी दुकानं आहेत. पुढे विक्री, मागे कारखाना. कारखाना म्हणजे एक माणूस, एक बाक आणि भिंतीवर टांगलेली हत्यारं. अशा एका दुकानात मी इतका वेळ काढला की अलहाम्ब्राच्या तिकिटावरची वेळ जवळजवळ हुकली.

त्यानंतर आणखी दोनदा गेलो आणि परत येण्याआधी साडेतीन हजार युरोंची गिटार घेतली. तेव्हाच्या भावाने तीन लाखांच्या वर. घरी आकडा सांगितला तेव्हा आई फक्त "बरं" म्हणाली. आमच्याकडे "बरं" हा चांगला शब्द नाही.

पुण्यात फ्लॅटवर आल्यावर मी एक टेस्ट केली. तीच खुर्ची, तोच फोन, तीच धून. एकदा कॉलेजपासून वापरत असलेल्या अकरा हजारांच्या फॅक्टरी गिटारवर आणि एकदा नव्या गिटारवर. कोणती कोणती आहे ते न सांगता दोन व्हॉइस नोट्स मित्रांच्या ग्रुपवर टाकल्या आणि विचारलं, भारी कोणती? सात जणांनी उत्तर दिलं, त्यातल्या पाच जणांना जुनी आवडली.

त्या रात्री झोप आली नाही, खोटं कशाला सांगू. पैसे पाण्यात गेले का, हा प्रश्न होता. इंजिनिअर असल्यामुळे रडण्याऐवजी मी वाचायला आणि मोजायला बसलो. त्यातून जे कळलं ते इथे लिहितोय.

क्लासिकल गिटार म्हणजे नेमकी कोणती?

पटकन सांगतो. आपल्याकडे कॉलेजच्या फेस्टमध्ये जी दिसते ती बहुतेक वेळा स्टीलच्या तारांची अकूस्टिक गिटार असते. क्लासिकल गिटारला नायलॉनच्या तारा असतात, नेक रुंद असते आणि ती पिकने नाही तर बोटांनी, नखांनी वाजवतात. पूर्वी तारा आतड्यांच्या असायच्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आतड्याच्या तारांचा तुटवडा झाला. तेव्हा न्यूयॉर्कच्या अल्बर्ट ऑगस्टीन यांनी नायलॉनच्या तारा बनवल्या, आंद्रेस सेगोव्हियासारख्या मोठ्या वादकाने त्या उचलून धरल्या आणि मग त्याच रूढ झाल्या.

मोकळ्या सहा तारांच्या फ्रिक्वेन्सी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत. जाडीपासून बारीकपर्यंत साधारण ८२, ११०, १४७, १९६, २४७ आणि ३३० हर्ट्झ.

आवाज तारेचा नसतोच

एक प्रयोग करा. फोन व्हायब्रेटवर ठेवा, हातात धरा आणि कुणाला तरी कॉल करायला सांगा. मग तोच फोन लाकडी टेबलावर ठेवा. टेबलावर तो खोलीभर ऐकू येतो. फोनमधली मोटर तीच आहे, पण आता ती अख्खी फळी हलवते आहे आणि फळी हवा हलवते आहे.

गिटारमध्ये तार म्हणजे ती मोटर. तार इतकी बारीक असते की एकटी ती फारशी हवा ढकलू शकत नाही. ती ब्रिजला हलवते, ब्रिज पुढच्या पातळ फळीला हलवतो आणि आपल्याला जो आवाज येतो तो मुख्यतः त्या फळीचा असतो. या फळीला साउंडबोर्ड किंवा नुसतं टॉप म्हणतात. मिरजेचे सतारवाले आपल्या वाद्याच्या अशा फळीला तबली म्हणतात. मला तो शब्द जास्त आवडतो, पण इथे टॉपच म्हणतो.

आता खरी अडचण बघा. सहा तारा मिळून टॉपला साधारण ४० किलोच्या ताकदीने ओढत असतात, दिवसरात्र. एवढा ताण वर्षानुवर्षं सोसायचा म्हणजे फळी जाड हवी. पण जाड आणि जड फळी त्या बारीक तारेने हलणार कशी? म्हणजे फळी हलकी हवी. हलकी केली की आवाज चटकन आणि मोठा येतो, पण तारेतली ऊर्जा लगेच संपते, सूर टिकत नाही. जड केली की सूर लांबतो पण मिणमिणता होतो. शिवाय फार हलकी केली तर काही वर्षांत ब्रिजच्या पुढे खड्डा आणि मागे फुगवटा. आमच्या भाषेत सांगायचं तर लेटन्सी, बॅटरी आणि किंमत तिन्ही एकदम सुधारता येत नाहीत, तसलं हे प्रकरण आहे. गिटार बनवण्याची सगळी कारागिरी या एका भांडणाभोवती फिरते.

म्हणूनच टॉपसाठी स्प्रूसचं लाकूड वापरतात (किंवा १९६० च्या दशकापासून, माद्रिदच्या रामिरेस घराण्यामुळे, सीडरचं). स्प्रूस वजनाला पाण्याच्या निम्म्याहूनही हलकं, पण रेषांच्या दिशेने भलतंच ताठ. त्या दिशेने आवाज त्यातून सेकंदाला पाच हजार मीटरहून जास्त वेगाने जातो. हा वेग स्टीलच्या पंगतीत बसणारा आहे. हवेत तो ३४० च्या आसपास असतो. रेषांना आडवं मात्र हेच लाकूड कितीतरी पटींनी लवचीक असतं. एका दिशेला ताठ, दुसऱ्या दिशेला मऊ. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण माझी गिटार पुढे याच गोष्टीमुळे फुटली.

तोर्रेसची पुठ्ठ्याची गिटार

आजची क्लासिकल गिटार ज्या रूपात आपल्याला दिसते ते रूप बऱ्याच अंशी एका सुताराने ठरवलं. अंतोनियो दे तोर्रेस, जन्म १८१७, मृत्यू १८९२, राहणार अल्मेरिया, दक्षिण स्पेन. त्याने गिटारचा पिंड मोठा केला, टॉपला किंचित घुमटासारखा उठाव दिला आणि टॉपच्या आतून पंख्याच्या काड्यांसारख्या सात बारीक पट्ट्या चिकटवण्याची पद्धत पक्की केली. पंख्यासारख्या पट्ट्या त्याच्या आधीही स्पेनमध्ये लावत होते, त्यामुळे शोध त्याचा म्हणता येणार नाही. पण मोठा, पातळ टॉप आणि त्याला तोलून धरणाऱ्या या पट्ट्या असा मेळ त्याने जमवला. तारेची बोलती लांबी ६५० मिलिमीटर हे मापही त्याच्यामुळेच रुळलं आणि आजही बहुतेक क्लासिकल गिटार त्याच मापाच्या असतात.

त्याची सगळ्यात भन्नाट गोष्ट वेगळीच आहे. १८६२ मध्ये त्याने एक गिटार बनवली, जिचं टॉप नेहमीसारखं चांगल्या स्प्रूसचं होतं, पण पाठ आणि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या होत्या. आवाज टॉपमधून येतो हे त्याला दाखवायचं होतं. ती गिटार आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. मला हे वाचून फार बरं वाटलं. एक व्हेरिएबल बदलायचं, बाकी सगळं तसंच ठेवायचं. दीडशे वर्षांपूर्वीच्या सुताराने केलेली ही ए-बी टेस्टच आहे.

त्याच्यानंतर म्युनिकच्या हेरमान हाउझरने तीच पद्धत आणखी काटेकोर केली. त्याने १९३७ मध्ये बनवलेली गिटार सेगोव्हियाने सुमारे पंचवीस वर्षं मैफलींत वाजवली. ती आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. अलीकडचे लोक आणखी पुढे गेलेत. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेग स्मॉलमनने पंख्याऐवजी कार्बन फायबर लावलेल्या बारीक पट्ट्यांची जाळी केली आणि टॉप अगदी पापुद्र्यासारखं पातळ ठेवलं. जॉन विल्यम्स त्याची गिटार वाजवतो. जर्मनीत काहींनी दोन पातळ फळ्यांच्या मध्ये मधमाश्यांच्या पोळ्यासारखा नोमेक्सचा थर घालून टॉप बनवलं. भांडण तेच: कमी वजनात जास्त ताठपणा.

हाताने केल्याने काय होतं?

हा प्रश्न मी त्या ग्रानादाच्या कारागिरांना विचारला होता. माझं स्पॅनिश ड्युओलिंगोपुरतं, त्यांचं इंग्लिश "येस, नो" पुरतं. त्यांनी उत्तर दिलं नाही, दोन फळ्या हातात दिल्या. दोन्ही स्प्रूस, दोन्ही एकाच झाडाच्या असाव्यात असं दिसत होतं, जाडीही सारखीच. म्हणाले, वाकवून बघ. एक फळी सहज वाकली, दुसरी नाही. मग त्यांनी दोन्ही फळ्या दोन बोटांत एका ठराविक जागी लोंबत्या धरल्या आणि अंगठ्याने टिचकी मारली. एकीचा आवाज पुठ्ठ्यासारखा, दुसरीचा घंटेसारखा लांबलेला.

मुद्दा तिथे कळला. लाकूड हा असा माल आहे की प्रत्येक तुकड्याचे आकडे वेगळे. फॅक्टरीला रोज शेकडो गिटार काढायच्या असतात, त्यामुळे तिथे सगळ्या फळ्या एकाच जाडीला कापतात. ती जाडी कोणती ठेवायची? लॉटमधली सगळ्यात मऊ फळीसुद्धा ४० किलो ओढीखाली टिकली पाहिजे आणि वॉरंटीत परत येता कामा नये, एवढी. म्हणजे लॉटमधल्या चांगल्या फळ्या विनाकारण जाड राहतात. हातवाला कारागीर मात्र ताठ फळी आणखी पातळ करतो आणि मऊ फळी थोडी जाड ठेवतो. क्लासिकल गिटारचं टॉप साधारण दोन ते अडीच मिलिमीटर जाड असतं. त्या अर्ध्या मिलिमीटरच्या आत सगळा खेळ. रंधा मारायचा, वाकवायचं, टिचकी मारायची, परत रंधा. रंध्यातून निघणाऱ्या ढलपीतून पलीकडचा दिवा दिसत होता.

आतल्या पट्ट्याही तशाच. आधी चिकटवायच्या, मग पटाशीने थोड्या थोड्या तासत कुठे ताठपणा कमी करायचा ते ठरवायचं. एकदा तासलं की अनडू नाही. सोलेरा नावाच्या किंचित खोलगट पाटावर टॉप पालथं ठेवून त्यावर नेक, बाजू आणि शेवटी पाठ असं उलटं बांधत येतात. नेकच्या टाचेत खाचा पाडून बाजूच्या पट्ट्या त्यातच बसवतात, त्यामुळे नेक वेगळी जोडायची भानगड नाही. ते कारागीर चिकटवायला अजून सरस वापरत होते, म्हणजे जनावरांच्या कातड्यापासून केलेला गोंद. वास भयंकर. पण सुकल्यावर तो काचेसारखा कडक होतो आणि गरम पाण्याने परत सोडवता येतो, म्हणजे शंभर वर्षांनी दुसरा कुणी ती गिटार उघडून दुरुस्त करू शकतो. स्क्रू न लावता बॅटरी चिकटवणाऱ्या फोन कंपन्यांनी यातून काही शिकलं तर बरं.

मशिन वाईट असं मी म्हणत नाहीये. फ्रेटसाठी खाचा पाडायचं काम मशिन माणसापेक्षा चांगलं करतं. तिथे कल्पकता नकोच असते, गणित हवं असतं. प्रत्येक फ्रेट सूर अर्ध्या स्वराने चढवतो, म्हणजे फ्रिक्वेन्सी २ च्या बाराव्या मुळाने, १.०५९५ ने वाढते. त्यातून नियम निघतो: उरलेल्या लांबीला १७.८१७ ने भागा, पुढचा फ्रेट तिथे. ६५० ला भागलं की पहिला फ्रेट ३६.४८ मिलिमीटरवर येतो, बारावा बरोबर ३२५ वर, मध्यावर. चार ओळींचा लूप आहे. गंमत म्हणजे गॅलिलिओचे वडील विन्चेंझो गॅलिली यांनी सोळाव्या शतकात १८ ने भागण्याचा सोपा नियम सुचवला होता. त्या नियमाने काढून बघा, बारावा फ्रेट मध्यापासून सव्वादोन-अडीच मिलिमीटर अलीकडे पडतो. मी स्प्रेडशीटमध्ये काढला आणि उगाच अर्धा तास खूश होतो.

पाठ, बाजू आणि भारतातून गेलेलं सामान

तोर्रेसने पुठ्ठा वापरून दाखवला, तरी महाग गिटार विकताना आजही सगळ्यात जास्त बोललं जातं ते पाठीच्या लाकडाबद्दल. पूर्वी ब्राझीलचं रोजवूड मानाचं. जंगलं संपत आली म्हणून १९९२ मध्ये त्याचा व्यापार आंतरराष्ट्रीय कराराने जवळपास बंद केला. त्याआधीच कारागीर भारतीय रोजवूडकडे वळले होते. भारतीय रोजवूड म्हणजे आपलं शिसवी. माझ्या स्पॅनिश गिटारची पाठ त्याचीच आहे. आजीच्या घरातलं कपाट ज्या लाकडाचं, त्याच जातीचं लाकूड युरोपात जाऊन परत पुण्यात आलं. २०१७ पासून शिसवीवरही निर्बंध आले. तेव्हा वाद्यं घेऊन देशांच्या सीमा ओलांडताना वादकांना कागदपत्रांचा चांगलाच त्रास झाला. २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली.

पण शिसवीने आवाजात किती फरक पडतो? इंग्लंडच्या लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये याचा छान प्रयोग प्रसिद्ध केला. सहा गिटार एकाच कारागिराकडून, सगळं सारखं, फक्त पाठ आणि बाजूंचं लाकूड वेगळं, काही महाग, काही स्वस्त. मंद उजेडाच्या खोलीत ५२ वादकांना वेल्डरचा काळा गॉगल घालून त्या वाजवायला दिल्या. लाकडावरून आवाजाच्या दर्जाला दिलेल्या गुणांत म्हणण्याजोगा फरक पडला नाही. त्या गिटार स्टीलच्या तारांच्या होत्या, हे लक्षात ठेवायला हवं, पण तोर्रेसचा पुठ्ठाही तेच सांगतो. थोडक्यात, दुकानदार पाठीच्या लाकडाचं कौतुक करू लागला की ते दिसायला सुंदर असतं एवढं मान्य करा आणि प्रश्न टॉपबद्दल विचारा.

पॉलिशचीही एक भारतीय गोष्ट आहे. चांगल्या क्लासिकल गिटारला फ्रेंच पॉलिश करतात. ते म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख, कापडाच्या बोळ्याने शेकडो वेळा फिरवत चढवलेली. नाव फ्रेंच, पण लाख किड्यांपासून मिळते आणि ती पिकवण्यात भारत, त्यातही झारखंड, पुढे आहे. थर इतका पातळ होतो की टॉपला वजन जवळजवळ लागत नाही. फॅक्टरीतला प्लास्टिकसारखा चकचकीत थर जाड असतो, जास्त टिकतो, पण टॉपला जर्किन घातल्यासारखं होतं. उलट बाजू अशी की माझ्या गिटारवर घामाचा हात टेकला तरी डाग पडतो.

मग पाच मित्रांना जुनी का आवडली?

आता मूळ प्रश्न. गिटारच्या पोटातली हवा आणि तिचं गोल भोक मिळून बाटलीच्या तोंडावर फुंकल्यासारखा एक सूर तयार होतो. क्लासिकल गिटारमध्ये तो साधारण ९० ते १०५ हर्ट्झच्या मध्ये असतो. भोकाजवळ तोंड नेऊन खालच्या सुरात गुणगुणत हळूहळू सूर बदला, एका जागी अख्खी गिटार छातीला जाणवेल इतकी घुमते, तोच हा. टॉपचा स्वतःचा मुख्य सूर त्याच्या दुप्पट, २०० च्या आसपास. या दोघांची सांगड कशी बसली आहे यावर खालच्या तारांचा भरीवपणा ठरतो. कारागिराने अर्ध्या मिलिमीटरसाठी जी मेहनत घेतली तिचा मोठा भाग इथे, ३०० हर्ट्झच्या खाली, ऐकू येतो.

आणि फोनचा स्पीकर नेमका तिथेच हात टेकतो. नखाएवढा पडदा, हलायला जागा नाही, तो काही शे हर्ट्झच्या खाली फारसं काही देऊ शकत नाही. जुन्या पद्धतीचा फोन कॉल तर ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पाठवायचा. वर दिलेले सहा आकडे परत बघा: सहापैकी पाच मोकळ्या तारांचा मूळ सूर ३०० च्या खाली आहे. तरीही फोनवर जाडी तार आपल्याला जाडीच वाटते, कारण मूळ ८२ गेला तरी त्याचे वरचे पदर राहतात. त्यांच्यातलं अंतर ८२ आहे हे मेंदू ओळखतो आणि नसलेला सूर स्वतःच भरतो. मेंदू सूर भरून देतो, पण लाकडाचा भरीवपणा भरून देत नाही.

दुसरी गोष्ट, फोनचं रेकॉर्डिंग प्रामाणिक नसतं. आवाज कमी झाला की बरीचशी ॲप्स आपोआप गेन वाढवतात. त्यामुळे चटकन विझणारा सूरही ओढून लांब केला जातो आणि सूर किती टिकतो, हा दोन गिटारमधला मोठा फरक पुसला जातो. नॉइज सप्रेशन तर याहून वाईट. ते माणसाचं बोलणं शोधायला बनवलेलं आहे, हळूहळू विरत जाणारी तार त्याच्या लेखी पंख्याचा आवाज. मीटिंग ॲपवर गिटारचा क्लास करणाऱ्यांना हे माहीत असेल, सूर मध्येच गिळला जातो. झूममध्ये यासाठी म्युझिशियन्सकरता ओरिजिनल साउंड नावाची सेटिंग आहे, ती चालू करा.

जुन्या फॅक्टरी गिटारमध्ये वरचे, टोकदार सूर जास्त आहेत. फोनने खालचं सगळं कापल्यावर तीच उठून दिसली. मित्रांनी ऐकलं ते बरोबरच होतं. पुढच्या वेळी मी त्याच फाइल्स गेन बंद ठेवून परत रेकॉर्ड केल्या आणि दोघांना चांगल्या हेडफोनवर ऐकवल्या. एकाने मत बदललं. दुसरा म्हणाला, "फरक आहे रे, पण तीन लाखांचा नाही." त्याचंही चूक नाही. हा फरक सगळ्यात जास्त वाजवणाऱ्याच्या बोटांना आणि छातीला कळतो, मग समोर बसलेल्याला, आणि सगळ्यात कमी रील बघणाऱ्याला.

रीलवरून आठवलं. गिटारच्या पोटात फोन ठेवून काढलेले व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील, तारा सापासारख्या वळवळताना दिसतात. तारा तशा हलत नाहीत. फोनचा सेन्सर फ्रेम एकदम न टिपता ओळी-ओळींनी वाचतो आणि तेवढ्या वेळात तार वरखाली होऊन जाते, म्हणून प्रत्येक ओळीत ती वेगळ्या जागी सापडते. दिसतं छान, पण तो कॅमेऱ्याचा खेळ आहे, तारेचा नाही.

फोनने गिटार मोजायची असेल तर

स्पीकर कमजोर असला तरी फोनचा माइक बराच बरा असतो. जर्मनीच्या आखेन विद्यापीठाचं फायफॉक्स हे फुकट ॲप घ्या, त्यात ऑडिओ स्पेक्ट्रम उघडा. सहाही तारांवर रुमाल टाकून त्या मुक्या करा, फोन भोकापासून वीतभर लांब धरा आणि ब्रिजजवळ बोटाच्या पेराने हलकेच टकटक करा. आलेखात १०० आणि २०० च्या आसपास दोन उंच शिखरं दिसायला हवीत.

इथे एक चूक मी दोन दिवस करत होतो. सॅम्पल्सची संख्या २०४८ ठेवली होती. सेकंदाला ४८,००० सॅम्पल्स असतील तर ४८,००० भागिले २०४८, म्हणजे आलेखातला एक खाना २३ हर्ट्झ रुंद. दोन्ही गिटार अर्थातच सारख्याच दिसत होत्या. ३२,७६८ केल्यावर खाना दीड हर्ट्झचा झाला आणि चित्र स्पष्ट झालं: जुनी गिटार १०७ आणि २२१, नवी ९५ आणि १९०. नव्या गिटारची शिखरं उंचही होती. हे आकडे कमी असले की गिटार चांगली, असं समजू नका. पण आपल्या गिटारचे आकडे लिहून ठेवा, का ते सांगतो.

घेताना आणि घेतल्यावर

माझी पहिली गिटार घेताना दुकानदाराने ती "सॉलिड वुड" आहे असं छातीठोकपणे सांगितलं होतं. सहा वर्षांनी कळलं की ती प्लायवुडची आहे. तपासायला दहा सेकंद लागतात: टॉपवरच्या भोकाच्या कडेवर फ्लॅश मारा. वरच्या रेषा कडेवरून सरळ खाली उतरताना दिसल्या तर फळी अखंड आहे. कडेवर सँडविचसारखे थर दिसले तर प्लाय. प्लायमध्ये आडव्या-उभ्या थरांमुळे स्प्रूसचा तो एका दिशेचा ताठपणा मारला जातो. शिकणाऱ्यासाठी प्लाय वाईट नाही, उलट ती पडझड आणि पावसाळा सोसते. फक्त सॉलिडचे पैसे देऊ नका. बजेट मर्यादित असेल तर टॉप अखंड फळीचं आणि पाठ-बाजू प्लायच्या, ही फॅक्टरी गिटार पैशाच्या मानाने सगळ्यात फायद्याची.

अखंड फळीची गिटार घेतलीत तर मात्र तिला हवा सांभाळावी लागते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. गेल्या एप्रिलमध्ये मी गिटार दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगली, दिसायला छान म्हणून, आणि त्याच भिंतीवर एसी. एका सकाळी ब्रिजपासून खाली टॉपवर केसाएवढी रेष दिसली. नख लावलं तर नख अडकलं. पाच सेंटिमीटरची भेग.

कारण तेच, एका दिशेला ताठ, दुसऱ्या दिशेला मऊ. हवा कोरडी झाली की लाकूड रेषांना आडवं आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. पण वर चिकटवलेला ब्रिज आणि आतले आडवे बार त्याला आकसू देत नाहीत. मग फळी सुटते ती रेषेवर. गिटार बनवताना कारखान्यात आर्द्रता साधारण ४५ ते ५० टक्के ठेवतात. मी त्या दिवशी चारशे रुपयांचं आर्द्रतामापक मागवलं, दिवाणखान्यात आकडा आला १९.

ग्रानादाला पाठवणं शक्य नव्हतं. मी सांगलीचा, त्यामुळे मिरज आठवलं. मिरजेत दीडशेहून जास्त वर्षं सतार आणि तंबोरे बनतात, २०२४ मध्ये तिथल्या सतार-तंबोऱ्याला जीआय मानांकनही मिळालं. बाबांच्या ओळखीच्या एका तंतुवाद्य कारागिरांकडे गिटार नेली. काकांनी आधी काही बोलायच्या आत टॉपवर टिचकी मारली, ग्रानादात मारली होती अगदी तशी, आणि म्हणाले, "तबली चांगली आहे रे हिची. पण घोडी असली कसली? जवारी काढायला जागाच नाही." खरं आहे, तंबोऱ्याच्या घोडीचा माथा किंचित गोलाकार घासून तार त्यावर झुरमुरेल अशी जवारी काढतात. गिटारच्या सॅडलवर तार एका धारेवर टेकते आणि सूर स्वच्छ, कोरडा निघतो. यावर त्यांचं माझं अर्धा तास चाललं, भेग बाजूलाच राहिली.

मग त्यांनी गिटार दोन दिवस ओल्या फडक्याच्या डब्याबरोबर पेटीत बंद ठेवली. भेग आपोआप जवळजवळ मिटली. तेव्हाच तिच्यात पातळ सरस भरला आणि आतून, भोकातून हात घालून, रेषांना आडव्या अशा स्प्रूसच्या तीन छोट्या चकत्या लावल्या. नऊशे रुपये घेतले आणि वर चहा पाजला. घरी आल्यावर फायफॉक्स उघडलं: ९५ आणि १९१. आधीच्या आकड्यांपासून एका खान्याच्या आत.

आता गिटार पेटीत असते. पेटीत भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत पिळून घेतलेला स्पंज, ऑक्टोबरपासून जूनपर्यंत, चार दिवसांनी ओला करायचा. पावसाळ्यात उलटं, स्पंजच्या जागी सिलिका जेलच्या पुड्या. आज सकाळी पेटीतला आकडा ४८ होता.